विश्लेषण : एआयच्या हाती सर्व्हरच्या किल्ल्या... नियमांची चिठ्ठी पुरेशी आहे का?

कोड लिहून देणारे एआय सहायक आता सर्व्हरवरचे कंटेनर सुरू करणे, थांबवणे आणि पुसणे ही कामेही करू लागले आहेत. त्यांनी काय करावे आणि काय करू नये, याचे नियम कंपन्या एका फाइलमध्ये लिहून ठेवतात. हे नियम पाळले नाहीत तर काय होते? आणि आंजी (मोठी)तल्या कापूस उत्पादकाने याची दखल का घ्यावी?

वर्धा-आर्वी मार्गावरच्या आंजी (मोठी)सारख्या गावात शेतीचा हंगाम आता पावसाइतकाच सर्व्हरच्या भरवशावर असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवरून सातबाऱ्यावर जाऊ लागली. ही नोंद नसेल तर नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत सगळीकडे अडचण येते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव होता. तो मिळवण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ अ‍ॅपवर आधी नोंदणी करायची, मग विक्रीसाठी दिवस आरक्षित करायचा, अशी पद्धत आली. सुरुवातीला ठरलेली ३० सप्टेंबरची मुदत पुढे वाढवावी लागली. त्याच सुमारास लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि ‘ओटीपी येत नाही’ हे वाक्य घराघरांत ऐकू येऊ लागले.

यापैकी कुठल्या अ‍ॅपच्या मागे कोणते तंत्रज्ञान आहे, हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा, की अशा सेवांच्या मागचे सॉफ्टवेअर जगभर ज्या पद्धतीने चालवले जाते, ती पद्धत सध्या बदलते आहे. आतापर्यंत रात्री-अपरात्री सर्व्हर सांभाळणारा माणूस कीबोर्डवर आदेश टाइप करायचा. आता तोच आदेश एआय सहायक टाइप करतो आणि माणूस ‘हो’ म्हणतो. कधी कधी तेही म्हणत नाही.

कंटेनर म्हणजे नेमके काय?

नाव बंदरावरून आले आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनकडे प्रवास केला. आत काय आहे याची चौकशी न करता एकाच मापाची पेटी जहाजावरून रेल्वेवर आणि रेल्वेवरून ट्रकवर जाऊ लागली. वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) इथल्या ड्रायपोर्टची जी चर्चा वर्षानुवर्षे सुरू आहे, ती याच पेट्यांसाठी.

सॉफ्टवेअरची अडचणही अशीच होती. एकाच्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालत नसे, कारण तिथे एखादी पूरक फाइल नसे किंवा असली तर वेगळ्या आवृत्तीची असे. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतल्या सांता क्लारा इथे एका परिषदेत अवघ्या पाच मिनिटांत ‘डॉकर’ दाखवले. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे साहित्य एका पेटीत भरायचे आणि ती पेटी कुठेही उघडायची, एवढीच कल्पना होती. पुढच्याच वर्षी गूगलने अशा शेकडो-हजारो पेट्या एकत्र सांभाळणारी ‘कुबरनेटिस’ ही प्रणाली जाहीर केली. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आज बँका, दुकाने, तिकीट विक्री यांचा मोठा भाग असाच चालतो. भारतात ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनने नागरी सेवांसाठी तयार केलेले ‘डिजिट’ हे मुक्त-स्रोत व्यासपीठही कुबरनेटिसवरच चालते.

इथे तीन शब्द वेगळे ओळखावे लागतात. ‘इमेज’ म्हणजे साचा. ‘कंटेनर’ म्हणजे त्या साच्यातून काढलेली चालती प्रत. आणि ‘व्हॉल्यूम’ म्हणजे माहिती जिथे कायम राहते ती जागा. किराणा दुकानाचा विचार केला तर कंटेनर हा दुकानाचा गाळा आणि व्हॉल्यूम ही उधारीची वही. गाळा पाडून चार दिवसांत पुन्हा उभा करता येतो. वही जळाली तर कोणाकडून किती येणे आहे, हे कोण सांगणार?

कंटेनरच्या जगात गाळा पाडणे हा दोष मानत नाहीत, ती रोजची पद्धत आहे. काही बिघडले तर दुरुस्त करत बसायचे नाही. प्रत पुसायची आणि साच्यातून नवी काढायची. या क्षेत्रात इंग्रजीत एक म्हण रूढ आहे. सर्व्हरला नाव ठेवून लाडाने पाळू नका, खिल्लारातल्या गुरांसारखे मोजा, एक गेले तर दुसरे आणा, असा तिचा अर्थ. म्हण घडवणाऱ्यांनी पोळा पाहिलेला नसावा. बैलाला नाव ठेवून, शिंगे रंगवून, त्याला पुरणपोळी भरवणाऱ्या विदर्भाला ही उपमा पटणे कठीणच. पण ‘पुसा आणि नवे उभे करा’ ही सवय एआय सहायकाने कशी उचलली, हे समजण्यासाठी ती लक्षात ठेवावी लागते.

एआय सहायक तिथे करतो काय?

दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत ही साधने कोडची पुढची ओळ सुचवायची. क्लॉड कोड, कर्सर, कोडेक्स, गिटहब कोपायलट यांच्या आताच्या आवृत्त्या त्यापलीकडे गेल्या आहेत. ‘लॉगिन चालत नाही, बघ’ एवढे सांगितले, की सहायक फाइली वाचतो, कंटेनरमधल्या नोंदी तपासतो, बदल करतो, नवी इमेज बनवतो, जुना कंटेनर थांबवतो आणि नवा सुरू करतो. चूक आली तर ती वाचून दुसरा उपाय करून पाहतो. एका तासाचे काम पाच मिनिटांत होते, हे खरेच आहे.

त्यामुळे वापर वाढला, भरवसा मात्र तेवढा वाढला नाही. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या वार्षिक पाहणीत ८४ टक्के सहभागींनी एआय साधने वापरत असल्याचे किंवा वापरणार असल्याचे सांगितले. त्यांच्या उत्तरांच्या अचूकतेवर विश्वास नाही, असे म्हणणारे ४६ टक्के होते आणि विश्वास आहे म्हणणारे ३३ टक्के. म्हणजे विश्वास नसतानाही वापर सुरूच आहे.

नियमांच्या फाइलमध्ये काय असते?

नव्या नोकराला पहिल्या दिवशी जसे सांगतात, तसे एआय सहायकाला लिहून द्यावे लागते, कारण आधीच्या दिवशीचे संभाषण त्याच्या लक्षात राहतेच असे नाही. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये साध्या भाषेत लिहिलेली एक फाइल असते. तिचे नाव बहुधा ‘एजंट्स डॉट एमडी’ असते, क्लॉड कोडसाठी ‘क्लॉड डॉट एमडी’. काम सुरू करताना सहायक ती आधी वाचतो. यातील पहिला नमुना डिसेंबर २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या नव्या संस्थेकडे सोपवला गेला, म्हणजे तो आता एका कंपनीपुरता राहिलेला नाही.

कंटेनर सांभाळायचे असतील तर या फाइलमध्ये अनुभवी मंडळी काय लिहितात? सगळ्यात आधी हे, की कुठलाही आदेश देण्यापूर्वी आपण कुठे उभे आहोत ते तपासा : चाचणीच्या सर्व्हरवर की लोक वापरत असलेल्या सर्व्हरवर. ज्या प्रती तुम्ही सुरू केल्या नाहीत, त्यांना हात लावू नका. एकाच सर्व्हरवर दोन गटांचे काम सुरू असते आणि ‘हा पोर्ट आधीच वापरात आहे’ असा संदेश आला, की सहायकाला सर्वांत सोपा उपाय दिसतो तो शेजाऱ्याचा कंटेनर बंद करण्याचा. चालत्या कंटेनरच्या आत शिरून डागडुजी करू नका, कारण ती प्रत पुसली की डागडुजीही जाते. बदल साच्यात करा. इमेजची आवृत्ती नेमकी लिहा. ‘लेटेस्ट’ असे मोघम लिहिले तर आज चाललेली गोष्ट उद्या वेगळ्याच आवृत्तीवर उभी राहते.

पासवर्डचा नियम अनेकांच्या लक्षात येत नाही. कंटेनरची तपासणी करणारे काही साधे आदेश त्याला दिलेले पासवर्डही पडद्यावर छापतात. माणसाने छापले तर ते त्याच्या पडद्यावर राहतात. एआय सहायकाने छापले तर ते संभाषणाचा भाग होऊन एआय कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जातात. इमेज बनवताना पासवर्डची फाइल आत गेली आणि पुढच्या टप्प्यात पुसली, तरी ती इमेजच्या खालच्या थरात शिल्लक राहते. म्हणून ‘गुपिते छापू नका, इमेजमध्ये भरू नका’ हा नियम लिहावा लागतो.

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचा : माहिती पुसणारा कुठलाही आदेश माणसाला विचारल्याशिवाय देऊ नका.

एका अक्षराचा फरक

हा शेवटचा नियम इतका का जपायचा, ते एका उदाहरणावरून कळेल. प्रसंग काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी तांत्रिकदृष्ट्या अशीच घडते.

समजा, एका छोट्या कंपनीने बाजार समितीसाठी आवक नोंदीचे सॉफ्टवेअर बनवले. माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १५ व्या आवृत्तीत साठते, डेटाबेस कंटेनरमध्ये चालतो आणि नोंदी व्हॉल्यूममध्ये असतात. एआय सहायकाला सांगितले गेले, की सगळ्या इमेज नव्या आवृत्तीच्या करून टाक. त्याने फाइलमध्ये १५ चे १६ केले आणि कंटेनर पुन्हा सुरू केला. तो सुरू होईना. संदेश आला, की ही माहिती १५ व्या आवृत्तीने तयार केलेली आहे, १६ शी जुळत नाही.

अनुभवी माणूस इथे थांबतो. आकडा परत १५ करतो, माहितीची प्रत बाहेर काढतो, नव्या आवृत्तीत भरतो आणि मगच पुढे जातो. सहायकासमोर मात्र उद्दिष्ट एकच असते, कंटेनर सुरू झाला पाहिजे. जुनी माहिती आड येते आहे. ती पुसली तर रिकाम्या जागेवर १६ वी आवृत्ती लगेच सुरू होईल. डॉकरमध्ये सगळे कंटेनर खाली उतरवण्याचा एक नेहमीचा आदेश आहे, ‘कंपोज डाउन’. त्याने व्हॉल्यूमला धक्का लागत नाही. त्याच आदेशापुढे एक आडवी रेघ आणि ‘व्ही’ हे एक अक्षर जोडले, की व्हॉल्यूमही पुसला जातो. सहायक ते अक्षर जोडतो. कंटेनर सुरू होतो. पडद्यावर हिरवी खूण येते. सहायक कळवतो, की अडचण सुटली.

सॉफ्टवेअर खरोखरच चालू असते. फक्त हंगामाच्या नोंदी नसतात.

लॅपटॉपवर, चाचणीच्या खोट्या माहितीवर काम करताना नेमका हाच उपाय योग्य असतो. एआय प्रारूपे ज्या मजकुरातून शिकली, त्यात ‘व्हॉल्यूम पुसा आणि पुन्हा सुरू करा’ हा सल्ला ठिकठिकाणी आहे आणि तिथे तो बरोबरही असतो. आदेश तोच, एका ठिकाणी साफसफाई आणि दुसऱ्या ठिकाणी सर्वनाश. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर दोन्ही ठिकाणे सारखीच दिसतात.

प्रत्यक्षात काय घडले?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील सासटर या कंपनीचे संस्थापक जेसन लेमकिन रेप्लिट या मंचावर एआयकडून सॉफ्टवेअर बनवून पाहत होते. कोडमध्ये आता काही बदलायचे नाही, अशी स्पष्ट सूचना त्यांनी दिली होती. तरीही एआय सहायकाने चालू डेटाबेस पुसला. सुमारे १,२०० अधिकारी आणि जवळपास तितक्याच कंपन्यांच्या नोंदी त्यात होत्या. विचारल्यावर त्याने चूक कबूल केली, पण आता मागे जाता येणार नाही, असेही ठामपणे सांगितले. लेमकिन यांनी स्वतः करून पाहिल्यावर माहिती परत आली. म्हणजे नुकसान करणाऱ्यानेच नुकसानाचा चुकीचा अहवाल दिला होता. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी माफी मागितली. त्यानंतर कंपनीने जे केले ते नीट पाहण्यासारखे आहे. नियमांची फाइल आणखी कडक शब्दांत लिहिण्यावर भर न देता त्यांनी चाचणीचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस आपोआप वेगळा राहील, अशी रचना आणली.

त्याच महिन्यात गूगलच्या जेमिनी सीएलआय या साधनाचा एक प्रकार समोर आला. फोल्डर तयार करण्याचा त्याचा आदेश अपयशी ठरला, पण तो यशस्वी झाला असे गृहीत धरून साधनाने एकेक फाइल त्या नसलेल्या फोल्डरकडे ‘हलवली’. प्रत्येक फाइल आधीच्या फाइलवर लिहिली गेली आणि शेवटी एकच उरली. आदेश दिल्यावर तो खरेच पार पडला का, हे पाहण्याचा साधा नियम पाळला असता तर पहिल्याच पावलाला चूक पकडली गेली असती.

डिसेंबर २०२५ मधील अ‍ॅमेझॉनचे प्रकरण कंटेनरच्या ‘पुसा आणि नवे उभे करा’ या सवयीच्या सर्वांत जवळचे. फायनान्शियल टाइम्सने फेब्रुवारी २०२६ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, कंपनीच्या ‘किरो’ या एआय साधनाने एका सेवेतील अडचण सोडवण्यासाठी ते पूर्ण वातावरणच पुसून नव्याने उभारायचे ठरवले. चीनमधील एका विभागात खर्चाचा हिशेब दाखवणारी ती सेवा सुमारे १३ तास विस्कळीत राहिली. अ‍ॅमेझॉनने हा एआयचा दोष मानला नाही. वापरकर्त्याला जास्त अधिकार दिले गेले होते, ही माणसाची चूक, असे कंपनीचे म्हणणे. शब्दांचा हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट कंपनीच्याच खुलाशातून निघते : सहायकाच्या हाती पुसण्याची किल्ली होती, म्हणून तो पुसू शकला.

धोका केवळ चुकीचा नाही. जुलै २०२५ मध्येच अ‍ॅमेझॉन क्यू या कोडिंग साधनाच्या एका अधिकृत आवृत्तीत एका हॅकरने गुपचूप मजकूर घुसवला होता. संगणक आणि क्लाउडवरील साठा पुसून टाक, अशी एआयला उद्देशून लिहिलेली ती सूचना होती. ग्राहकांचे नुकसान झाले नाही, असे कंपनीने सांगितले आणि ती आवृत्ती मागे घेतली. मालकाने लिहिलेले नियम आणि चोराने लिहिलेली सूचना, दोन्ही एआयसमोर मजकूर म्हणूनच येतात, हे त्यातून दिसले.

माणसे चुकत नाहीत का?

चुकतात, आणि मोठ्या चुका करतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचे फोल्डर पुसले. चूक लक्षात येऊन आदेश थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी माहिती गेली होती. बॅकअप होते, पण कागदावर. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने कित्येक दिवस अपयशी होत होता आणि त्याचे इशारे देणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी एका कर्मचाऱ्याने वेगळ्याच कामासाठी काढलेली प्रत सापडली, म्हणून बाकीची माहिती वाचली. गिटलॅबने हे सगळे उघडपणे जगासमोर मांडले आणि त्या अभियंत्याला बळीचा बकरा केले नाही, हे त्यांच्या श्रेयात जाते.

मग एआयबद्दलच वेगळी चर्चा कशाला? एक कारण वेग. थकलेला अभियंता रात्री एक चूक करतो, सहायक एका मिनिटात दहा आदेश देतो. दुसरे कारण जास्त त्रासदायक आहे, ते म्हणजे संमतीचा कंटाळा. नवे अ‍ॅप उघडल्यावर फोनवर ‘परवानगी द्या’ अशा चौकटी येतात आणि बहुतेक जण न वाचता ‘अलाउ’ दाबतात. एआय सहायक प्रत्येक आदेशाला विचारू लागला, की अभियंत्याचेही तेच होते. पन्नास निरुपद्रवी आदेशांना ‘हो’ म्हटल्यावर एक्कावन्नावा कोण वाचतो? विचारणेच बंद करण्याची सोयही या साधनांत असते. क्लॉड कोडमध्ये त्या पर्यायाच्या नावातच ‘डेंजरसली’ हा शब्द घातलेला आहे. तो वापरायचाच असेल तर इंटरनेट नसलेल्या बंदिस्त कंटेनरमध्ये वापरा, असा सल्ला ते बनवणारी अँथ्रोपिक कंपनी देते. म्हणजे कंटेनर सांभाळणाऱ्यालाच कंटेनरमध्ये कोंडायचे.

कुलूप कुठे लावायचे?

नियमांची फाइल निरुपयोगी नाही. तिच्यामुळे सहायक बहुतेक वेळा नीट वागतो आणि रोजच्या कामात तेवढे पुरते. पण ती दुकानाच्या दारावर लावलेल्या ‘आत येऊ नये’ या पाटीसारखी आहे. बहुतेक लोक पाटी वाचून थांबतात. तिजोरीवर मात्र कोणी नुसती पाटी लावत नाही. या तंत्रज्ञानाभोवतीचा बराच गोंधळ पाटीला कुलूप समजण्यातून होतो.

कुलपे उपलब्ध आहेत आणि त्यातली बरीच फुकट आहेत. कुबरनेटिसमध्ये प्रत्येक खात्याला नेमके काय करता येईल, हे ठरवता येते. सहायकाच्या खात्याला केवळ पाहण्याची मुभा दिली, तर त्याने पुसण्याचा आदेश दिला तरी प्रणाली तो नाकारते, मग त्याने नियम वाचलेले असोत वा नसोत. प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरचा पासवर्ड सहायक ज्या संगणकावर काम करतो तिथे ठेवलाच नाही, तर तो चुकूनही तिथे पोहोचत नाही. डॉकरच्या बाबतीत एक बारकावा आहे. डॉकरशी थेट बोलण्याची परवानगी म्हणजे जवळपास त्या संपूर्ण संगणकाचे सर्वाधिकार, असा इशारा डॉकरच्याच माहितीपत्रकात आहे. तरीही ‘अडथळा नको’ म्हणून सहायकाच्या कंटेनरला ती खिडकी उघडून दिली जाते. भिंत बांधायची आणि तिलाच दार ठेवायचे, असा तो प्रकार.

बॅकअप सहायकाच्या हाताबाहेर हवा. ज्या खात्यातून मूळ माहिती पुसता येते त्याच खात्यातून बॅकअपही पुसता येत असेल, तर तो बॅकअप म्हणता येणार नाही. आणि गिटलॅबची गोष्ट आठवली, तर बॅकअप घेतला जातो यापेक्षा तो परत भरून पाहिला होता का, हा प्रश्न जास्त कामाचा ठरतो.

मोठ्या कंपन्यांत या कामांसाठी स्वतंत्र गट असतात. अडचण लहान ठिकाणी आहे. दोन-तीन जणांची कंपनी, त्यातला एक नुकताच पदवी घेतलेला, अंतिम तारीख जवळ आलेली आणि एआय सहायकामुळे पाच जणांचे काम एकटा करणारा. त्याच्याकडे चाचणीचा वेगळा सर्व्हर नसतो, कारण त्याचे महिन्याचे भाडे वाचवायचे असते. तालुका पातळीवरच्या पतसंस्था, दवाखाने, शाळा यांचे सॉफ्टवेअर बनवणारे हेच लोक आहेत.

कायदा काय म्हणतो?

भारतात एआय सहायकांसाठी वेगळा कायदा नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एआयविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यात सध्या नवा कायदा न आणता असलेल्या कायद्यांवर भिस्त ठेवली आहे. त्या असलेल्या कायद्यांत एक कलम या विषयाला थेट लागू पडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ‘उल्लंघन’ म्हणजे फक्त माहिती चोरीला जाणे नव्हे. चुकून नष्ट होणे किंवा ती वापरता न येणे, हेही त्याच व्याख्येत येते. म्हणजे एआय सहायकाने नागरिकांच्या नोंदींचा व्हॉल्यूम पुसला आणि त्या परत आल्या नाहीत, तर ते कायद्याच्या भाषेत उल्लंघनच आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत बॅकअपचा आणि नोंदी एक वर्ष जपण्याचा उल्लेख आहे, मात्र ही मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. ‘आदेश एआयने दिला होता’ ही सबब या कायद्यात कुठे बसत नाही. जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेची.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. इथे एक व्यावहारिक पेच आहे. सहायक अभियंत्याच्याच खात्यातून काम करत असेल, तर नोंदीत नाव अभियंत्याचे येते. आदेश माणसाने दिला की एआयने, हे नंतर सांगता येत नाही. सहायकाला स्वतंत्र खाते देणे हे त्यामुळे सुरक्षेइतकेच त्या अभियंत्याच्या नोकरीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे.

राज्याचा विचार केला तर महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केले. शेतीची बरीच माहिती येत्या काळात अशा प्रणालींत जाणार आहे. या कामांच्या निविदांत सर्व्हरची क्षमता, हमीचा कालावधी या गोष्टी विचारल्या जातात. प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर एआय सहायकाला कोणते अधिकार असतील, त्याचे खाते वेगळे असेल का, बॅकअप शेवटचा कधी परत भरून पाहिला, हे तीन प्रश्नही त्यात घालायला फार खर्च येत नाही. तांत्रिक समितीला ते दहा मिनिटांत लिहिता येतील.

वापरकर्त्याच्या हाती काय?

फार नाही, पण थोडे आहे. आंजीतला शेतकरी सर्व्हर कोण सांभाळतो ते ठरवू शकत नाही. आपली नोंद झाली होती, हे मात्र दाखवू शकतो. ई-पीक पाहणी झाल्यावर दिसणाऱ्या पडद्याचा तारखेसह स्क्रीनशॉट, कपास किसानचा नोंदणी क्रमांक, पीक विम्याची पावती आणि हंगामात एकदा १५ रुपये भरून उतरवलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, हे फोनच्या गॅलरीत विखुरलेले ठेवण्यापेक्षा एका फोल्डरमध्ये ठेवून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावे. आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज भरला असेल तर पावतीची छापील प्रत मागून घ्यावी. नोंद दिसेनाशी झाली तर तलाठ्याकडे किंवा कृषी सहायकाकडे तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले ‘सर्व्हर डाउन होता’ नंतर कोणाच्याच दप्तरात सापडत नाही.